चुलीत घातलेला जोडा

दिवाणजीनं गिरजाच्या चुलीत जोडा घातला.

जोडा पायातच होता. टाचेनं त्यानं वरची राख बाजूला केली, खालची उकरली, वाकून पाहिलं. मग पाय बाहेर काढला आणि सारवलेल्या भुईवर दोनदा आपटला. राख झडली. मागच्या माणसांना म्हणाला, "थंडी हाय. घर खाली. कवेलू उतरवा."

मी तिथंच उभी होते. घराच्या आत. हातात फडा होता, भुई झाडत होते.

मी म्हटलं, "मी हावो ना घरात."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "तुहं घर हाय का हे, चाळणे?"

मागची माणसं हसली.

मला चाळणी म्हणत. माझ्या तोंडावर मातेचे वण आहेत. लहानपणी मला माता आली होती, म्हणजे शहरातले लोक देवी म्हणतात ती. मी वाचले, तोंड गेलं. लग्नाच्या वेळी सासऱ्यानं माझ्या बापाला लुगडं कमी दिलं, का तर पोरीचं तोंड असं. त्यानंतर कोणी चाळणी म्हटलं तर मी मान खाली घालून पुढं जात असे. सवय झाली होती. त्या दिवशी मान खाली गेली नाही. मी गिरजाच्या चुलीकडं पाहत होते. चुलीच्या तोंडाशी तिनं बोटांनी ओढलेल्या पांढऱ्या मातीच्या रेघा होत्या. त्यावर जोड्याचा ठसा पडला होता.

या घराचं आधी सांगते, मग पुढचं.

हिंगणघाटच्या बाहेर एक जीन होती. कापसातून सरकी काढायचा कारखाना. जिनीच्या मागं, वेणा नदीकडच्या वावरात, आमची लाइन होती. ओळीनं मजुरांची घरं. मातीच्या भिंती, वर कवेलू, म्हणजे कौलं. भिंती आम्हीच उभ्या केलेल्या. जागा जिनीच्या मालकाची. तो आधी मालगुजार होता, गावाचा सारा वसूल करणारा. सरकारनं मालगुजारी काढून घेतली, पण हे वावर त्याच्याच नावावर राहिलं, आणि जुना नियमही राहिला. घरातली माणसं उठून गेली आणि चूल थंड पडली, की जागा मालगुजाराची. गाव सोडून पळणाऱ्यांसाठी कोणीतरी कधीतरी केलेला नियम. कागद मी पाहिला नाही. कागदाची गरजही पडत नव्हती. मालकाचा दिवाणजी सकाळी सडकेनं जाताना लाइनीकडं पाहत असे. धूर दिसला, माणसं आहेत. धूर नाही, तर तो आत येई.

त्या वर्षी चैत्रात माता आली. जिनीचा हंगाम संपला होता. कामं नव्हती, ऊन चढत होतं, आणि घराघरात पोरं तापली. मग अंगावर दाणे उठले. कमेटीचे लोक आले. नगरपालिकेला आम्ही कमेटी म्हणायचो. त्यांनी नदीपार पत्र्याची शेडं टाकली होती. ज्याच्या अंगावर दाणे, त्याला तिकडं न्यायचं, सोबत घरचं एक माणूस. बाकीच्यांना टोचायचं. ते चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. एका खोलीत सहा माणसं झोपत असतील तर आणखी काय करणार.

पण गिरजाच्या घरात दोनच माणसं होती. ती आणि बबन.

गिरजा माझ्या शेजारची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आम्ही दोघी जिनीत एकाच ओळीत बसून कापूस निवडायचो. ती मला वयनी म्हणायची, मी तिला गिरजाबाई. तिचं घर लाइनीत सगळ्यात नीट. नवऱ्याच्या माघारी भिंत पडली तर तिनं स्वतः माती तुडवून ती उभी केली होती. बबन तेव्हा पाठीवर होता. भिंतीत त्याच्या पायाचा ठसा राहिला होता, ओल्या मातीत उतरवलं तेव्हाचा. ती तेवढा ठसा सोडून सारवायची.

बबनला दाणे आले. गाडी आली. गिरजा त्याला लुगड्यात गुंडाळून माझ्या दारासमोर थांबली. ओट्यावर चढली नाही. मातेच्या घरचं माणूस दुसऱ्याच्या ओट्यावर चढत नाही.

म्हणाली, "वयनी, माही चूल पाहजो. दुसरं काही नाई मांगत."

मी म्हटलं, "पाहीन."

एवढंच बोलणं झालं. गाडी नदीकडं गेली.

बबनच्या आधी तीन घरं अशीच बंद झाली होती. दिवाणजी दोनदा येऊन दारं पाहून गेला होता. मालकाला आमच्या वावरात कापसाचं गोदाम बांधायचं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. तो कोणाला हाकलत नव्हता. नुसता वाट पाहत होता.

तेव्हा आम्ही ते काम सुरू केलं. आम्ही म्हणजे लाइनीतल्या तोंडं खराब झालेल्या बाया. जिला लहानपणी माता येऊन गेली, तिला पुन्हा येत नाही. आम्ही बंद घरांत जाऊ शकत होतो. मी, माझी सासू, सखू, आणखी एकदोघी. सकाळी उठून आपली चूल पेटवायची आणि मग खापरावर विस्तव घेऊन बंद घरात जायचं. पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळल्या कपाशीच्या, चार काड्या, वर गोवरी. धूर कवेलूतून वर गेला पाहिजे, सडकेवरून दिसला पाहिजे. अंगणात सडा टाकायचा. दोरीवर एखादं धुतलेलं लुगडं टाकायचं. संध्याकाळी निखारा राखेत पुरून यायचं. मातेच्या घरातून विस्तव बाहेर नेत नाहीत, म्हणून प्रत्येक घरी तो आपल्या घरून न्यावा लागे. हात पोळायचे.

सखू म्हणायची, "माह्या बापानं म्हटलं व्हतं, या तोंडाचा काई उपेग नाई. आता पाह्य म्हणा, चार घरं चालवून राह्यलं हे तोंड."

एकदा म्हणाली, "रिकाम्या घरात चुली पेटवून राह्यलो आपन. जेवाले भुतं येतीन, तर वाढशीन काय वं?"

आम्ही हसायचो. नदीपार पोरं होती, तरी हसायचो. काम करणारी बाई हसते. त्यात काही चूक नाही.

माझा नवरा चिडायचा. लोकांच्या घरासाठी आपली गोवरी काऊन जाळून राह्यली, म्हणायचा. दुसऱ्या दिवशी त्यानंच कुठूनतरी पऱ्हाटीचा भारा आणून टाकला.

दिवाणजी सडकेवरून जायचा, धूर पाहायचा, पुढं जायचा. त्याला कळत होतं. पण नियम धुराचा होता, आणि धूर होता.

मग मालकाच्या पोरीला माता आली.

तिला नदीपार न्यायची गरज पडली नाही. मोठ्या घराला माडी असते, माडीवर वेगळी खोली असते. पण त्या खोलीत बसणार कोण? घरात सगळे गुळगुळीत तोंडाचे. दिवाणजीनंच मला बोलावणं धाडलं. मी गेले. मागच्या दारानं, मागच्या जिन्यानं. पोरगी बबनच्याच वयाची. कण्हत होती. मी कडुलिंबाच्या डहाळीनं तिला वारा घातला, अंग पुसलं, तिचे कपडे मागच्या आवारात धुतले. मला प्यायला पाणी लागलं तर मालकीणबाईची बाई वरून ओंजळीत ओतायची.

मातेच्या खोलीत माझा विटाळ होत नव्हता. स्वयंपाकघरात होत होता. हे मला तेव्हा विचित्र वाटलं नाही. नंतर वाटलं.

मालकीणबाई वाईट नव्हती. दारात उभी राहून पोरीकडं पाहायची. रडायची. एके दिवशी मला म्हणाली, "तुझी सासू मातामायचं करते ना? तिला विचार, काय केलं म्हणजे माय थंड होईल."

माझी सासू लाइनीच्या टोकाला कडुलिंबाखाली जी मातामाय आहे, तिच्यावर पाणी घालायची. दगडच तो, शेंदूर लावलेला. पण लाइनीत तिच्या शब्दाला किंमत होती. मी तिला विचारलं. ती म्हणाली, मंगळवारी सगळ्यांनी चुली थंड ठेवायच्या. एक दिवस विस्तव नाही. शिळं खायचं, आंबील प्यायची. मायच्या अंगाची आग त्यानं कमी होते. पण सगळ्या चुली थंड पाहिजेत. एकही पेटली तर उपेग नाही. आणि मालकाच्या घरची पण.

मी मालकीणबाईला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "मी ठेवते. माझ्या घरात विस्तव दिसणार नाही. लाइनीत तू सांग सगळ्यांना. माझ्या पोरीसाठी एवढं करा."

मी म्हटलं, "बाई, बंद घरांच्या चुली थंड पडल्या तर दिवाणजी येतीन."

ती म्हणाली, "एका दिवसाचं काय घेऊन बसलीस. मी सांगेन घरात."

'मी सांगेन.' हा शब्द घेऊन मी लाइनीत आले. आणि खरं तर तिच्या पोरीसाठीच म्हणून कोणी हो म्हटलं नाही. ज्यांची पोरं नदीपार होती, त्या बाया आधीच माझ्या सासूकडं बघत होत्या. माय थंड झाली तर आपलंही पोरगं उठेल. सोमवारी संध्याकाळी आम्ही एकेक निखारा पाणी टाकून विझवला. स्वतःच्या घरातला आणि बंद घरांतलाही. गिरजाच्या चुलीतला निखारा विझवला तेव्हा चर्र आवाज झाला. मी मनात म्हटलं, बबनसाठी.

मंगळवारी सकाळी लाइनीवर धूर नव्हता. आणि दिवाणजी आला, माणसं घेऊन. शिड्या घेऊन.

ते ठरवून केलेलं होतं की तो रोजच्यासारखा सडकेनं जाताना त्याला दिसलं, मला माहीत नाही. शिड्या काही लगेच मिळत नाहीत. मी तेवढंच सांगते.

तर जोडा चुलीत गेला. मी सांगितलं, आज मंगळवार, मायसाठी चुली थंड आहेत, मालकीणबाईनंच सांगितलं. तो म्हणाला, "मले कोनी काई सांगतलं नाई." मग शिडी लागली. पहिला कवेलू उतरला. गिरजाच्या घरात वरून ऊन पडलं, थेट चुलीवर.

मी फडा खाली टाकला आणि निघाले.

मालकाचं घर जवळच होतं. मी नेहमीच्या मागच्या दाराकडं वळले, आणि थांबले. मग समोरच्या दारानं गेले. अंगणातून, ओसरीवरून. मालक बंगईवर बसला होता. झोका घेत होता. माझ्याकडं पाहून त्याचा पाय थांबला. मी त्याच्याशी बोलले नाही. आत गेले. माजघर ओलांडलं आणि स्वयंपाकघरात शिरले.

त्या खोलीत मी आधी कधी गेले नव्हते. भांडी भिंतीला लावून ठेवलेली, तांब्याची, लखलखीत. चूल मोठी, बाजूला वैल. मालकीणबाई तिथं बसून पोरीसाठी थंड ताक घुसळत होती. ती उठून उभी राहिली. मी खाली बसले आणि तिच्या चुलीत हात घातला. मनगटापर्यंत. राख थंड होती. मूठभर घेतली.

मालकीणबाई म्हणाली, "अगं, काय केलंस हे."

मी बाहेर आले. दिवाणजी माझ्या मागोमाग धावत आला होता, ओसरीखाली उभा होता. मालक बंगईवरून उतरला होता. मी ती राख त्याच्यासमोर ओसरीवर ठेवली. फेकली नाही, ठेवली.

"मालक, तुमची चूल थंडी हाय. घर खाली करा."

बंगईच्या कड्या हलत होत्या, तेवढा आवाज.

मालकीणबाई दारात आली होती. मी तिच्याकडं वळले. "बाई, तुमी म्हटलं व्हतं, मी सांगीन. सांगा आता."

मालकानं तिला विचारलं, "काय सांगायचं आहे?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग त्याच्याकडं. पदर ओढला. म्हणाली, "काही नाही." आणि आत गेली.

दिवाणजीनं मला खांद्याला धरून ओसरीवरून खाली लोटलं. मी पडले, गुडघे फुटले. ते आता दुखत नाहीत. ते 'काही नाही' अजून दुखते. दिवाणजी आमच्याशी वाईट वागणार, हे आम्ही जन्मापासून धरून चाललो होतो. चांगली बाई नवऱ्याच्या एका नजरेत आत जाते आणि बाहेर एक घर पडते, हे मला त्या दिवशी समजलं. तिच्या पोरीला वारा घालणारा हात माझा होता. तिच्या शब्दावर विझवलेला निखारा गिरजाचा होता. आणि तिच्याजवळ दोन शब्द नव्हते.

मागून मालकाचा आवाज आला, "ती चूल फोडून नवी घाला."

माझा हात लागला म्हणून त्यांनी आपली चूल फोडली. संध्याकाळपर्यंत नवी घातली. त्यांचं घर त्यानं खाली झालं नाही.

मी लाइनीत परत आले तेव्हा गिरजाच्या घराचे अर्धे कवेलू अंगणात रचून झाले होते. एक माणूस वर, एक खाली, हातोहात. नंतर पुढचं घर होतं, मग त्याच्या पुढचं. बाया कडुलिंबाखाली गोळा होऊन बसल्या होत्या. माझी सासू दगडासमोर बसली होती. मायच्या पुढं दिवा होता. सगळ्या लाइनीत तेवढी एक ज्योत जिवंत होती.

मी म्हटलं, "आत्याबाई, चुली पेटवा."

एकीनं माझा हात धरला. तिची पोरगी नदीपार होती. तिचं घर गिरजाच्या पलीकडंच. म्हणाली, "माही पोरगी तिथी हाय. दिस मावळेपर्यंत थांब ना वं बाई."

दिवस मावळेपर्यंत कवेलू थांबणार नव्हते. ती बरोबर होती, मीही बरोबर होते. अशा वेळी बरोबर असून काही होत नाही.

सासूनं दगडाला हात जोडले. मग उठली. वाळकी पऱ्हाटी घेतली, मायच्या दिव्यावर धरली. पेट घेतला. बायांच्या तोंडून आवाज निघाला. ती म्हणाली, "माय कोपली तं माह्यावर कोपू दे. घरंच गेली तं तिले पानी टाकाले कोन राह्यते इथी?"

त्या एका काडीवरून आम्ही सगळ्या पेटवल्या. मी धावत एका बंद घरातून दुसऱ्यात गेले. त्या बाईच्या दारात आले तेव्हा ती उंबऱ्यावर बसून होती. बाजूला सरकली. "तू पेटव. माह्या हातानं नाई होत." मी आत गेले आणि पेटवली. तिनं पाठ फिरवून ठेवली होती.

सखूला त्या दिवशी थट्टा सुचली नाही. खापरावरून विस्तव वाहत राहिली.

लाइनीवर धूर उठला. भर दुपारी, वारा नव्हता, धूर सरळ वर गेला. दिवाणजी शिडीजवळ उभा राहून पाहत होता. पुढच्या घराला शिडी लावायचं त्याला धाडस झालं नाही. कदाचित धाडस नव्हे, सवय. नियम त्याचाच होता. आम्ही सगळ्या जणी हातात पेटत्या काड्या घेऊन दारादारांत उभ्या होतो. तो गेला.

तेवढी घरं राहिली. गिरजाचं गेलं. छप्पर नव्हतं, आणि दिवाणजीनं दारात माणूस बसवला. त्यानं आम्हाला आत जाऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याला बोलावलं. बायकोनं ओसरी बाटवली, तर तिनं येऊन ओसरीसमोर नाक घासावं, नाही तर पुढच्या हंगामात जिनीत दोघांना काम नाही. मी म्हटलं, मी घासणार नाही. तो म्हणाला, पोटाचं काय. मी म्हटलं, पोट माझंही आहे. तो गेला आणि त्यानं घासलं. परत आला तेव्हा नाकाचं कातडं निघालं होतं. माझ्याकडं न बघता बसला. मी त्याला हळद लावली. त्याला दोष दिला नाही, आजही देत नाही. पण माझं नाक मी घासलं नाही. त्याला परत काम मिळालं. मला त्या जिनीत पुन्हा कधी मिळालं नाही. मी वावरात निंदायला जाऊ लागले.

मालकाची पोरगी उठली. चांगलं झालं. पोरीचा काय दोष.

कडुलिंबाखाली माझा हात धरणाऱ्या बाईची पोरगी परत आली, एका डोळ्यानं.

गिरजा परत आली ती एकटी. बबनला तिथंच, नदीच्या पलीकडं पुरलं होतं. ती लुगडं खांद्यावर घेऊन आली, ज्यात त्याला गुंडाळून नेलं होतं. धुतलेलं होतं. आपल्या घरासमोर उभी राहिली. दारातला माणूस उठून बाजूला झाला. त्यालाही लाज होती, म्हणायची. ती आत गेली. मी मागं गेले. वर आभाळ होतं. भिंतीतला पायाचा ठसा तसाच होता. चुलीच्या रेघांवर जोड्याचा ठसा, तोही तसाच.

ती चुलीसमोर बसली. मंगळवारचं तिला नदीपारच कळलं होतं. मला म्हणाली, "वयनी, खरं सांगजो. मंगळवारी चूल थंडी व्हती का पेटली व्हती?"

मला खोटं बोलता आलं असतं. कोणतं बोलले असते? थंड होती म्हटलं तर मायचं राखलं आणि घर गेलं. पेटवली म्हटलं तर घरासाठी पोरावर माय कोपवली. मी खरं सांगितलं. सकाळी थंड होती. तुझं घर उतरवत असताना, उरलेली वाचवायला, आम्ही दुपारी बाकीच्या चुली पेटवल्या.

तिनं मान हलवली. रडली नाही. "मंग मी दोनीकडून गेली," म्हणाली.

मी तिला म्हटलं, माय काही कोपत नाही, रोग होता तो, शेडातही पोरं जातात. हे मला तेव्हा खरंच वाटत होतं की नुसतं म्हणत होते, सांगता येत नाही. आज वाटतं. पण तेव्हाच्या माझ्या बोलण्यानं तिच्यापर्यंत काही पोचलं नाही. ती ठशावर हात ठेवून बसली. पावसाळा आला की ती भिंत पडणार, हे तिला दिसत होतं.

काही दिवस ती माझ्याकडं राहिली. जेवत नव्हती असं नाही. जेवायची, कामं करायची. पण माझ्या चुलीजवळ बसायची नाही. मी स्वयंपाक करू लागले की बाहेर जायची. मग आर्वीकडं तिचा भाऊ होता, तिकडं गेली. जाताना म्हणाली, "तू पाहीन म्हटलं व्हतं." एवढंच. त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. पुढं तिचं काय झालं मला कळलं नाही. पावसाळ्यानंतर तिच्या जागेवर गोदामाची भिंत आली. गोदाम आता पडलं आहे. जीनही बंद आहे. आमची घरं अजून आहेत, आणि जागा अजूनही आमच्या नावावर नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. जास्त काही कळते असं मी म्हणत नाही. पण एक कळलं आणि ते पुन्हा सुटलं नाही. आमची चूल पेटवायची कधी आणि विझवायची कधी, हे नेहमी दुसरंच कोणी सांगत होतं. मालगुजाराचा नियम म्हणे पेटती ठेवा. माय म्हणे थंड ठेवा. मालकाची बायको म्हणे माझ्या पोरीसाठी ठेवा, मी सांगेन. सगळ्यांचं ऐकून गिरजाचं पोरगं आणि घर, दोन्ही गेलं. त्यांच्या घरी मात्र तीच थंड चूल देवाची झाली.

लाइनीतल्या बाया अजून चैत्रात एक मंगळवार चुली थंड ठेवतात. आता गॅस आहे, बटन फिरवत नाहीत एवढंच. त्या दिवशी मी घरात सगळ्यांच्या आधी उठते. गॅस नाही, अंगणातली जुनी चूल. पऱ्हाटी आणून ठेवलेली असते. पेटवते, आणि धूर कवेलूच्या वर जाईपर्यंत तिथंच बसते. लोक बोलतात. म्हातारी बाटली, म्हणतात. सुनेला लाज वाटते. मी कोणाला समजावत नाही.

ज्या घरात मढं असते तिथं चूल पेटवत नाहीत, हा आमच्यातला रिवाज. शेजारचे जेवण आणून देतात. मी सुनेला सांगून ठेवलं आहे, लेकालाही. मी मेले की मला उचलायच्या आधी अंगणातली चूल पेटवायची. कोणी काहीही म्हणो. माझं मढं घरात असेल, आणि सडकेवरून धूर दिसला पाहिजे.